पोचे पडलेलं यंत्र

बाबा, काल मी घरासाठी व्हॅक्यूम क्लीनर आणला. दोन मांजरी आहेत, त्यांचे केस सगळ्या गाद्यांवर. दुकानदार चकचकीत यंत्रं दाखवत होता आणि मी प्रत्येक यंत्र उलटं करून स्क्रू शोधत होते. "ताई, बिघडलं की नवीनच घ्यायचं असतं," तो म्हणाला, आणि मला तुम्ही आठवलात. चांद्याजवळच्या खाणीत फिटर होतात तेव्हाचे, खिशात कायम पेचकस असलेले.

मी लहान असताना एका वर्षी आईचा दमा फार वाढला होता. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुत्र्याचे केस बाधतात, त्याला कुठेतरी सोडून या. आई ऐकेना. "लेकरावानी वाढवलं त्याले. तो नाई जाणार," एवढं बोलूनही तिला धाप लागली. त्याच आठवड्यात खाणीचे मॅनेजर साहेब विलायतेला परत निघाले आणि बंगल्यातलं सामान विकायला काढलं. तुम्ही मला सोबत नेलंत. व्हरांड्यात धूळ ओढायची दोन यंत्रं आहेत. एक निळं, नवंकोरं. दुसरं जुनं, लोखंडी, पोचे पडलेलं. मी निळ्यावर हात ठेवते. तुम्ही उकिडवे बसून दोन्ही तपासता.

"हे निळं रिबिट मारून बंद केलं हाय, स्क्रूच नाई. आतलं काही झिजलं तं बदलू कसं? आन् या जुन्याची पिशवी पाह्य, धुता येते."

"पण हा डब्बा काऊन घेता? लोक हसतील."

"तुह्या मायले श्वास घेता आला पायजे. लोकायले दाखवाले नाई घेऊन राह्यलो मी."

मग दर रविवारी तुम्ही स्वतः गाद्या-सतरंज्यांवरून ते फिरवायचात आणि कुत्रा भुंकत मागे मागे. हळूहळू आईची धाप कमी झाली. कुत्रा आपल्याच घरात म्हातारा झाला. यंत्र कितीदा बंद पडलं आणि कितीदा तुम्ही ओसरीवर पोतं अंथरून ते उघडलंत, याची मोजदाद नाही.

हा कागद मी कपाटातच ठेवणार आहे, पण एक सांगायचं राहिलंय. यंत्र घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणी आल्या होत्या. "हे तुमचं हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नाई, साहेबाचं हाय. बाबा दुरुस्त करून राह्यले." तुम्ही दाराशीच कुत्र्याला पाणी ठेवत होतात. तुम्ही ऐकलंत. ते उचललंत आणि आत नेलंत, फार जपून, दुसऱ्याची वस्तू न्यावी तसं.