बाईसाहेबांचा बंदोबस्त

शनिवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ९
कन्येचा फोन. तिच्या मैत्रिणीने आमच्या घरासमोरून जाताना फोटो काढून तिला पाठवला. फोटोत बाईसाहेब भर रस्त्यात अंग चाटत बसलेल्या, मागे टेम्पो. बाईसाहेब म्हणजे आमची मांजर. राखाडी पट्टे, चारही पंजे पांढरे. आणली कन्येनेच, पण नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली आणि मांजर आमच्याकडे राहिली. आता म्हणते, पुढच्या रविवारी येते आणि तिला माझ्या फ्लॅटवर घेऊन जाते, तुमचं कुणाचं लक्षच नाही.

लक्ष नाही! तीस वर्षं बँकेत सह्या ताडून पाहिल्या. वेलांटीचा फरक माझ्या नजरेतून सुटला नाही. मी तिला ठणकावून सांगितलं, रविवारपर्यंत मांजर अंगणाबाहेर जाणं बंद होईल. नाही झालं तर खुशाल घेऊन जा.

माझा मांजरीवर जीव वगैरे नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

सायंकाळी ६
सात व्हिडिओ पाहिले. योजना तयार. भिंत पाच फूट. तिच्यावर आतल्या बाजूला झुकलेली जाळी, म्हणजे मांजर चढली की डोक्यावर छत. जाळीच्या टोकाला फिरता पाइप, पंजा ठेवला की गर्रकन फिरणार. खर्च जवळजवळ नाही. दोन दिवसांचं काम. माझ्या डाव्या हातचा मळ.

रविवार, ७ फेब्रुवारी
साहित्य जमवलं. मच्छरदाणीच्या काठ्या, जुनं बॅडमिंटनचं नेट, नळाच्या कामातून उरलेले पाइप. पाइपात ओवायला तार हवी होती म्हणून अंगणातली कपडे वाळत घालायची तार काढली. ही म्हणाली, मग ओले कपडे मी तुमच्या डोक्यावर वाळत घालू का? मी खुर्च्या सुचवल्या. तार परत येईपर्यंत अंगणात पाऊल ठेवणार नाही, असं हिने जाहीर केलं. बरंच झालं. कामात लुडबुड नको.

सोमवार, ८ फेब्रुवारी
ठोकाठोकीला सुरुवात. आवाजाने घाबरून मांजर बेडरूममधल्या कपाटावर चढून बसली आहे, अशी हिची तक्रार.

दुपारी ४
बाईसाहेब गेटबाहेर! उचलून आत आणल्या. आश्चर्य म्हणजे ओरबाडलं नाही. पाच वर्षांत जी माझ्या मांडीवर एकदाही बसली नाही, ती खांद्यावर डोकं टेकून घुरघुरायला लागली. आपल्यासाठी कोण राबतंय हे मुक्या जनावरालाही कळतं.

हिला जाऊन सांगितलं. ही म्हणाली, कपाटावरच तर आहे. मी म्हटलं, होती. कपड्यांच्या घड्या घालताना हिचं लक्ष नसतं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी
सकाळी साडेआठला बाईसाहेबांना मी स्वतः कपाटावर पाहिलं. आठ बत्तीसला त्या समोरच्या भिंतीवर! दोन मिनिटांत कपाट, खिडकी, अंगण आणि जाळी. असा वेग असेल तर साध्या कामाने भागणार नाही. जाळीचा कोन वाढवला.

खाणंही दुप्पट झालंय. घरातली बशी रिकामी, अंगणातली बशीही रिकामी. उचलताना वजनदार लागतात. व्यायामाने अंगाने भरल्या असणार.

बुधवार, १० फेब्रुवारी
अंगठ्यावर हातोडी बसली. शेजारी महिन्यापूर्वी राहायला आलेल्या नर्सबाईंनी भिंतीवरूनच पट्टी बांधून दिली. हात हलका आहे त्यांचा. मी ओरडलो नाही. ही घरातून ओरड ऐकू आल्याचं म्हणते, ती दुसऱ्या कुणाची असेल.

सायंकाळी शेवटचा पाइप बसवला. बाईसाहेब अंगणात बसून सगळं बघत होत्या. दोन दिवसांच्या कामाला तीन लागले, पण त्यात अंगठा धरला पाहिजे.

गुरुवार, ११ फेब्रुवारी
बाहेर पडण्याचे प्रयत्न अकरा. पडणं अकरा. पाइप गर्रकन फिरतो आणि बाईसाहेब धप्पकन खाली! नंतर येऊन माझ्या पायावर बसल्या. हरलेल्याने जिंकणाऱ्याशी असं वागावं, हा मोठेपणा माणसांतसुद्धा दिसत नाही.

दुपारभर अंगणात खुर्ची टाकून बसलो. फिरायला जाणं रद्द. निरीक्षण महत्त्वाचं.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी
नर्सबाईंनी जाळी बाजूला सारून भिंतीवरून पट्टी बदलली. विचारत होत्या, आमचा राजा दिसला का हो? म्हणे परवापासून जेवायला आला नाही. नातू असावा. पोलिसांत कळवा, असं मी सुचवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, पोलीस कशाला, असेल कुठल्या तरी एकीच्या मागे, पोट रिकामं झालं की येईल. आजीने नातवाबद्दल असं बोलावं! राखण कशी करायची असते यावर मी त्यांना थोडं सांगितलं. बाईसाहेब त्या वेळी माझ्या खुर्चीखाली गाढ झोपल्या होत्या.

शनिवार, १३ फेब्रुवारी
उद्या परीक्षा. बाईसाहेबांना माझ्या कंगव्याने विंचरलं. नंतर मांडीवर एक तास दहा मिनिटं झोपल्या. पाय बधिर झाला तरी हललो नाही.

कन्या घेऊन गेली तर? नाही नेणार. नेलं तर फक्त अंगण जरा मोठं वाटेल.

ही म्हणते, मांजर आठवडाभर कपाटावरून उतरलेली नाही, बशी वर द्यावी लागते. उद्या पुराव्यानिशी बोलू.

रविवार, १४ फेब्रुवारी
कन्या आली. बूट काढू न देता तिला अंगणात नेलं. प्रात्यक्षिक दाखवलं. पाइप फिरला, बाईसाहेब धप्पकन खाली. कन्या म्हणाली, बाबा, मानलं तुम्हाला. माझी छाती फुगली.

मग तिने बाईसाहेबांना उचललं. इकडून तिकडून बघितलं. शेपटी वर करून बघितलं. म्हणाली, बाबा, हा बोका आहे.

तेवढ्यात ही आठवड्यात पहिल्यांदाच अंगणात आली. हिच्या कडेवर बाईसाहेब. जाळी बाजूला सारून भिंतीवरून नर्सबाईंचं डोकं वर आलं आणि त्या ओरडल्या, अगं बाई, राजा! तो एका उडीत कन्येच्या हातून सुटला आणि भिंतीवरून पसरलेल्या त्यांच्या हातांत गेला. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

कन्या हसून हसून पायरीवर बसली. फोटो मोठा करून पाहिला. रस्त्यावर होता तोही राजाच. बाईसाहेबांनी अंगण कधी सोडलंच नव्हतं. तिने माझी माफी मागितली आणि संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या हाताने गेली.

म्हणजे पैज मी जिंकलो. मांजर इथेच राहणार. हे लिहून ठेवतो, कारण घरात कुणी तसं म्हणत नाही. हिने तार काढून घेतली, त्याबरोबर अर्धी जाळीही खाली आली.

सोमवार, १५ फेब्रुवारी
बाईसाहेब कपाटावरून उतरल्या. माझ्याकडे पाहून परत चढल्या.

दुपारी खुर्ची टाकून अंगणात बसलो. दोन तास. वर्तमानपत्र उलटसुलट वाचून झालं. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो, करमत नाही. मला त्या बोक्याची आठवण येते. सारखी.

पाचला नर्सबाई आल्या. अंगठा पाहिला, बरा आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुमचा बंदोबस्त एकदम पक्का, राजा चार दिवस हलू शकला नाही, तसाच आमच्या अंगणाला करून द्या ना, म्हणजे तो घरीच राहील आणि तुम्हालाही त्रास नाही. ही आतून म्हणाली, देतील की, त्यांना काय काम आहे! मी हो म्हटलं. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

उद्या सकाळी नऊला सुरुवात. आराखडा काढून ठेवला आहे. तीन बाजूंना फिरता पाइप. आमच्या भिंतीच्या बाजूला काही नाही. साहित्य कमी पडतंय.