रोज एक कुपन जास्त

औरंगाबाद,
२० डिसेंबर १९९३

तीर्थस्वरूप तात्यासाहेब यांच्या पायांवर जावई मधुसूदनचा दंडवत. आपला गुडघा कसा आहे? इकडं आम्ही खुशाल आहोत, म्हणजे प्रमोदिनी खुशाल आहे. माझं चित्त थाऱ्यावर नाही. हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. दोन ओळी झाल्या की उठतो, छापखान्याच्या दारापर्यंत जातो, परत येऊन बसतो.

तसं सगळं गावच अस्वस्थ आहे. नामांतराचं काय होणार, याशिवाय क्रांती चौकात दुसरा विषय नाही. कॉलेजांनी लेटरहेडची कामं थांबवलीत; विद्यापीठाच्या नावापुरती जागा मोकळी सोडून जुळवलेले खिळे तीन महिने तसेच बांधून पडलेत. (नाव द्यावं आणि सोळा वर्षांची ही होरपळ थांबवावी, असं मला मनापासून वाटतं. पण गिऱ्हाइकासमोर बोलायची छाती होत नाही, आणि त्याची लाजही वाटते.) अशात छापखाना तगलाय तो वाळूजच्या एका कारखान्याच्या कँटीनच्या कुपनांवर. ते काम गेलं तर शटर ओढण्यावाचून गत्यंतर नाही.

हे काम मिळालं तेही आपल्या पुण्याईनं. आधीच्या छापखान्याची कुपनं इतकी साधी होती, की कुणीही छापावीत आणि जेवावं. आपण नाशिकला टपाल-तिकिटांच्या छापखान्यात तीस वर्षं काढलीत आणि दर दिवाळीला, लाडू माझ्या हातात असतानाच, नोट उजेडात धरून मला शिकवलंत : कागदातला छाप बघा, तार बघा, बोट फिरवून खरखर बघा. त्या बळावर मी मॅनेजरसाहेबांना म्हणालो, असं कुपन देतो की ब्रह्मदेवाला नक्कल जमणार नाही. दौलताबादच्या पुढं कागजीपुऱ्यात, हातकागद करणाऱ्यांकडं गेलो. तिथं कागदाच्या जाळीवर तारेचा ‘म’ बसवून घेतला. तेवढ्या जागी लगदा पातळ पडतो आणि उजेडात अक्षर दिसतं. ओल्या कागदातच हिमरू शाली विणणाऱ्याकडची जर घातली. तिकिटासारखी भोकं पाडायला प्रमोदिनीचं शिलाई मशीन बिनदोऱ्याचं चालवलं (दोन सुया मोडल्या, तिला बोललेलो नाही). आणि शाई घेतली आपण सांगितलेली, पाणी लागताच उतरणारी. वापरलेलं तिकीट कुणी धुऊन परत लावू नये म्हणून ती असते, हे मला पाठ होतं. जेवायच्या आधी माणसं हात धुतात, हे मात्र ध्यानात आलं नाही. तीनशे कामगारांनी ओल्या हातांनी कुपनं दिली. वाढप्याची बोटं निळी झाली आणि त्या बोटांनी वाढलेला भातही निळा! या दिवसांत निळा भात! एक बाजू म्हणाली, कँटीननं मुद्दाम रंग उधळलाय. दुसरी म्हणाली, आमच्या रंगाची थट्टा केलीय. सोळा वर्षांत दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते माझ्याविरुद्ध. दुसऱ्या दिवसापासून मी मुकाट्यानं काळी शाई वापरली.

तेव्हापासून सगळं सुरळीत होतं. पण आता चार महिन्यांनी मॅनेजरसाहेबांच्या लक्षात आलंय, की वाटलेल्या कुपनांपेक्षा रोज एक कुपन जास्त निघतं. रोज. नेमकं एक. कँटीनच्या दारावर मुंजाबा नावाचा रखवालदार आहे. पूर्वी त्याची मेंढरं त्याच माळावर चरायची, जिथं आता कारखाना उभा आहे. साहेबांनी त्याच्यापुढं कुपनांचा ढीग ओतला. त्याला अक्षरओळख नाही, पण त्यानं नुसती बोटं फिरवली आणि म्हणाला, “सायब, दोनशे मेंढरांत परकं शिरलं तर मला अंधारात कळतंय. ह्यात परकं नाय. ज्यास्तीचं हाय ते बी घरचंच हाय.” आणि माझ्याकडं बघत राहिला. हा आरोप छापखान्यावर झाला, तात्यासाहेब! माझं रक्त उसळलं. मी ठणकावलं, की हे खोटं कुपन आहे, आमच्या सासऱ्यांना विचारा, ते नोटा-तिकिटांतले जाणते आहेत. (आपला गुडघा माझ्या भरवशाचा होता.) तर साहेब म्हणाले, वा, त्यांनाच बोलावू. गुरुवारी, ३० तारखेला, आपल्याला न्यायला नाशिकला मोटार येतेय.

सासूबाईंना नमस्कार सांगावा आणि प्रकृतीला जपावं.

आपला,
मधुसूदन

ता. क. – जपावं, हे मी उगीच लिहिलेलं नाही. थंडीत गुडघ्यानं प्रवास करू नये. मोटार रिकामी परत पाठवावी.

ता. क. दुसरा – आपल्यापासून काय लपवायचं? ते कुपन माझंच. नंबर घालताना बिघडलेली कुपनं जाळायची असतात; त्यातलं रोज एक मी खिशात घालतो. रक्तदाब निघाल्यापासून प्रमोदिनी मला अळणी डबा देते. तो आमचे कंपोझिटर पुंडलिकराव खातात, आणि मी प्रूफ दाखवायच्या निमित्तानं लुनावरून वाळूजला जाऊन झणझणीत मटकीची उसळ खातो. यावंच लागलं तर कुपन खोटं आहे एवढंच म्हणावं. माझी भाकरी आपल्या हातात आहे.

ता. क. तिसरा – तात्या, हे पत्र पाकिटात घालायला माझ्याकडं देऊन हे आंघोळीला गेलेत. चार महिने डबा पुसल्यासारखा रिकामा येतोय, म्हणून मी शेजारीपाजारी सांगत सुटले होते, की अळणी असलं तरी माझ्या हातचं यांना गोड लागतं. गुडघा दुखला तरी गुरुवारी या. कुपन खरं आहे, तेच सांगा. खाणाऱ्याचं मी बघते.

प्रमू