बॉग की फेन?

११ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. निवृत्त इंग्रजीच्या प्राध्यापकाला शिस्त हवीच. म्हैसूरजवळच्या हिनकलमधल्या या नव्या घरात मागच्या खोलीची फरशी ओलसर दिसली. वेदवतीने लगेच दलदल, दलदल म्हणून डोकं खाल्लं. बायकोला सगळं एकच! इंग्रजीत बघा: मार्शमध्ये गवत, स्वॅम्पमध्ये झाडं. बॉगला पाणी फक्त पावसाचं, फेनला जमिनीखालचंही. यावर निबंध लिहिणार. रोज एक पान.

१४ ऑगस्ट
निबंध सुरू नाही. पेन बरं नाही. परसात पाहणी केली. गवत आहे. शेवगाही आहे, पण एका झाडाने स्वॅम्प होत नाही. डावी चप्पल चिखलातच राहिली.

२० ऑगस्ट
मागच्या खोलीतली लाकडी पेटी माळ्यावर चढवा, असा वेदवतीचा हट्ट. पेटीत पट्टद गोंबे, म्हणजे तिच्या आईने लग्नात दिलेले लाकडी राजा-राणी. दसऱ्याला घरात पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, त्यात हे सगळ्यात वरच्या पायरीवर. डिसेंबरात पावनीचं लग्न, तेव्हा हिला ते लेकीला द्यायचेत. समजावलं, की हे बॉग आहे. पाऊस थांबला की आपोआप वाळेल. माझ्या कंबरेचाही विचार करावा माणसाने.

२९ ऑगस्ट
हिने परस्पर शेजारच्या शरतला पेटी उचलायला बोलावलं. मी दारातूनच परत पाठवला. अभ्यास चालू असताना वस्तू हलवायच्या नसतात. वेदवती रडली. वयामुळे असेल. निबंधाचं शीर्षक ठरलं.

१५ सप्टेंबर
आठवडाभर पाऊस नाही. फरशी जास्तच ओली. वेदवती म्हणाली, इथं केरे होतं म्हणे पूर्वी, तळं हो, खालूनच येतंय की पाणी, सुम्मने, उगाच वाद घालू नका. मी विचारलं, कुठल्या डिक्शनरीत वाचलंस? फडकं घेऊन फरशी पुसायला गेली. जिंकलो.

२ ऑक्टोबर
दसऱ्यासाठी पेटी उघडली. राणी वर होती, साड्यांच्या घडीत. कोरडी. राजा तळाला. कंबरेपर्यंत वाळवीने खाल्लेला, हात लावताच पाय गळून पडले. वेदवतीने राणी पदरात गुंडाळून घेतली. मी मोकळ्या मनाने मान्य केलं की हे बॉग नव्हे, फेन. मत बदलायला मोठेपणा लागतो. पावनीला फोनवर हेच सांगत होतो. तिने मध्येच ठेवला.

५ ऑक्टोबर
वेदवती राणीला घेऊन बेंगळुरूला पावनीकडे गेली. म्हणाली, राजा तुम्हाला राहू दे. चार दिवसांत येईल. राग असा फार टिकत नाही तिचा. आता निबंधाला निवांतपणा.

८ ऑक्टोबर
राजा एकटाच वरच्या पायरीवर बसवला. उभा राहत नाही, डिक्शनरीला टेकवलाय. शरतची बायको सौम्या गोंबे बघायला आली. राणी कुठे, म्हणाली. लेकीकडे गेलीय, म्हटलं. कधी येणार? पाऊस थांबला की, असं सांगितलं.
तिने खिडकीबाहेर पाहिलं. कडक ऊन होतं.