जीभ हलतेय

ता. ३ फेब्रुवारी

चि. मुक्यास,
अ. उ. आ.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. एवढं बोललास, घसा दुखला नाही ना?

मनाच्या डॉक्टरांनी मेंदूचा नकाशा काढायला सांगितलाय, इतकंच लिहून मोकळा झालास. म्हणजे डोकं उघडणार की काय? शेजारीण म्हणते, त्यात मनातलं सगळं पडद्यावर दिसतं. तसं असेल तर त्या वेळी माझ्याविषयी जरा चांगलं काहीतरी आठव बाबा.

भावजय जाऊन वर्ष होत आलं. तुला ना धड झोप, ना जेवण. मी येऊन राहते म्हटलं की तुझं ठरलेलं, सध्या नको. जन्मभर छापखान्यांची मुद्रितं तपासलीस, लोकांच्या चुका काढल्यास, आणि स्वतःचे हे हाल दिसत नाहीत होय रे? मला काळजी वाटते. सविस्तर लिही.

माझी माया आहेच, तिला उत्तर देत जा.
तुझी ताई

ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डोकं उघडत नाहीत. पोहताना घालतात तशी टोपी चढवतात आणि तिच्या भोकांतून गार, चिकट जेल भरतात. टोपीच्या तारा यंत्राला जोडलेल्या. पडद्यावर नुसत्या लाटा उमटतात, त्यांचा मागाहून रंगीत नकाशा होतो. मनातलं काही दिसत नाही, तेव्हा तू निर्धास्त राहा. डॉक्टर म्हणाले, नुसत्या नकाशावरून काही ठरत नाही, तुम्हाला बोलावं लागेलच.

टोपी बसवणाऱ्या बाई बोटांनी माझे केस बाजूला करत होत्या. ताई, किती दिवसांत डोक्यावर कुणाचा हात फिरला नव्हता गं. मला भरून आलं. बाईंना वाटलं, जेल गार लागलं.

पुढे मात्र फजिती झाली. डोळे मिटून स्वस्थ बसायचं, बस. तर बाई म्हणाल्या, बोलू नका, जीभ हलतेय. मी म्हटलं, मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. जीभ हलली की लाटा बिघडतात म्हणे. शेवटी परत या म्हणाल्या. असा राग आला!

तू येऊ नकोस. घर आवरलेलं नाही.

लोभ दुरूनच असू दे सध्या.
तुझा मुक्या

ता. १५ फेब्रुवारी

चि. मुक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी एकटीच खो खो हसले. अख्ख्या घराण्यातला हा एकुलता एक अबोल प्राणी, आणि त्यालाच यंत्र गप्प बस म्हणतंय!

नंतर मात्र हसू गेलं. काय पुटपुटत होतास रे? कुणाशी? मला नाही तर निदान डॉक्टरांना तरी सांग. आणि घर आवरलेलं नाही ही काय सबब झाली? माझं कधी आवरलेलं पाहिलंयस?

रागावले तरी तुझीच आहे, विसरू नकोस.
ताई

ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिला वाचून दाखवत होतो.

आमची कामाची रीत तुला ठाऊक आहे. मी मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचो, स्वल्पविराम, पूर्णविरामासकट, आणि ही मुद्रितावर बोट ठेवून बसायची. ओळ बरोबर असली की हं म्हणायची, मग मी पुढची घ्यायचो. ही गेल्यापासून मी दिसेल ते वाचत सुटलोय. दुकानांच्या पाट्या, औषधाची बाटली. त्या खोलीतही डोळे मिटून, आत शिरताना पाहिलेली भिंतीवरची सूचना वाचत होतो, कृपया मोबाईल बंद ठेवावा पूर्णविराम. खरंच सांगतो, मला पत्ताच नव्हता. तुला येऊ देत नव्हतो तेही म्हणूनच असणार. घरात कुणी असलं की वाचता कसं येईल?

डॉक्टरांना सांगितलं सगळं. ते हसले नाहीत, उलट बराच वेळ ऐकत बसले.

काल पुन्हा टोपी चढवली. बाई म्हणाल्या, तोंड किंचित उघडं ठेवा, जीभ सैल सोडा. सोडली. लाटा अगदी स्वच्छ आल्या, बाई शाब्बास म्हणाल्या. पण ताई, वाचणं थांबलं तसा मी कान देऊन बसलो. हं आलं नाही. इतके दिवस ओळीमागून ओळ अशी घाईनं वाचत होतो, की ते येत नाही हे कळायला मी फटच ठेवली नव्हती.

उपचार आता सुरू होतील. घर तसंच पसरलेलं आहे. तू ये.

हे पत्र वाचून पाहिलेलं नाही, चुका राहिल्या असतील.

लोभ घेऊनच ये.
तुझा मुक्या