फोरमनच्या मुलीची साक्ष

बाबा, मागच्या महिन्यात मी तुमच्याविरुद्ध बोलले. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तेव्हा आता तुम्ही मला ओरडणार नाही हे धरून बोलले, असं हवं तर समजा.

माझं काम तुम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. "भायर गांवांक मनशां धाडटा ती," असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगायचात नि मी चिडायचे. म्हणून पुन्हा सांगते. जिथे पूर येतो, लढाई होते, माणसं घरदार सोडून तंबूत राहायला येतात, तिथे मदत करणाऱ्या संस्थांना नुसती दयाळू माणसं पुरत नाहीत. पाणी चढवणारा, जनरेटर चालवणारा कसबी माणूस लागतो. तो शोधून द्यायचा हे माझं काम, आणि डिचोलीतल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी ते करते. या वेळी एका छावणीसाठी पंप दुरुस्त करणारा हवा होता. पदविकावाले पुष्कळ आले, पण पंपाला हात लावलेला एकही दिसेना. तेव्हा मला तुमच्या खाणीवरच्या वर्कशॉपमधला, लाटंबार्से गावचा फिटर आठवला. खाण बंद पडल्यापासून तो काजूच्या बागांत गवत कापायची यंत्रं दुरुस्त करून दिवस काढत होता. पन्नाशीला टेकलेला, मुलगी नर्सिंग शिकतेय, अशी नोकरी पुन्हा दारात यायची नव्हती. तो माझ्या वडिलांच्या हाताखाली होता हे मी संस्थेला आधीच लिहून कळवलं. वशिला तुम्हाला कधी खपला नाही, मलाही खपत नाही.

मुलाखत संगणकावर होती, पडद्यावर दोन साहेब आणि एक बाई. त्याचं इंग्रजी कामापुरतं, म्हणून दुभाषी मी. त्यांनी विचारलं, आजवरची सगळ्यात कठीण दुरुस्ती कोणती? त्याने बरोबर तोच प्रसंग सांगितला. चवथीच्या आधी खाणीत पाणी चढलं, दोन्ही पंप बसले, बांध फुटला असता तर खालच्या वाड्यावरची सगळी शेतं गाळाखाली गेली असती. सगळं छान सांगितलं आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला, "पूण म्हाका तेन्ना कितें येतालें? सगळें आमच्या फोरमनान केलें. हांवें फकत पानो धरलो." फोरमनच्या मुलीसमोर फोरमनपेक्षा मोठं कसं व्हायचं! आपल्याकडची ही रीतच आहे. मी त्याचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान हलवून काहीतरी लिहिलं. इतक्या वर्षांत ती मान मला चांगली ओळखता येते. नकार होता.

पण बाबा, त्या दिवशी तुम्ही घरी होता. मी दहावीत, शाळा बुडवून तुमच्या उशाशी बसलेय. आई कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलतेय, आणि तुम्ही तापाच्या ग्लानीत "व्हॉल्व, व्हॉल्व" म्हणताय. चमच्याने भरवलेली पेजसुद्धा तुमच्या पोटात राहत नाही. पंप त्याने एकट्याने खोलला होता. पुढच्या आठवड्यात मॅनेजरने सगळ्यांसमोर शाल घातली ती तुम्हाला, आणि मिक्सर दिला तोही तुम्हाला. फिटरने टाळ्या वाजवल्या. तुम्ही काहीच बोलला नाहीत. आईने एकदाच विचारलं, "तुमी त्या दिसा घरा आशिल्ले न्हय?" तुम्ही म्हणालात, "ताका शिकयलो कोणें गो? हांवेंच न्हय?" आईचा रगड्यावर खोबरं-मसाला वाटायचा त्रास सुटला, आणि त्या मिक्सरमधल्या वाटपाची आमटी मीही वर्षानुवर्षं बोटं चाटत खाल्ली. तरी तुमचा राग आला होता, अजून येतो.

मी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि पडद्यावरच्या तिघांना म्हटलं, हा माणूस आत्ता खोटं बोलला, माझ्या वडिलांचा मान राखण्यासाठी. मग सगळं सांगितलं, तापासकट आणि मिक्सरसकट. म्हटलं, माझ्यावरही विश्वास ठेवू नका, त्याच्यापुढे बिघडलेला पंप ठेवा. असं आम्ही करत नाही म्हणाले. म्हटलं, मग या वेळी करा. कां-कू चाललं, पण मी हटले नाही. चार दिवसांनी पेडण्यातल्या एका गॅरेजमध्ये, समोर फोन उभा करून, त्याने पंप खोलला. निघालेला एकेक बोल्ट ओळीने पोत्यावर मांडत गेला, आणि पाऊण तासात पाणी चढलं. परवा तो विमानात बसला. यापुढे आपल्या तालुक्यातला कुणीही कारागीर मुलाखतीला आला की आधी यंत्र आणि मग प्रश्न, हे मी संस्थेकडून लिहून घेणार आहे. नाही म्हणाले तर पुन्हा मागेन, आणि मागतच राहीन.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एवढं कबूल करते. त्या बाईंनी शेवटी विचारलं होतं, तुमच्या वडिलांनी खरं काय ते कधीच सांगितलं नाही का? मी म्हटलं, सांगितलं ना, बरे झाल्यावर स्वतः मॅनेजरकडे गेले होते. त्या दिवशी मी तेवढं एकच खोटं बोलले, बाबा, आणि त्याच्या नोकरीला त्या खोट्याची काही गरज नव्हती.