रपट्यावरचा भोंगा आणि फुकटची लायब्ररी

भाऊ, मी एका परक्या माणसाचं फुकट घेतलं. खाणीच्या क्वार्टरांमध्ये सगळे तुम्हाला भाऊ म्हणायचे, म्हणून पोटची पोर असून मीही भाऊच म्हणत आले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे वाक्य लिहिताना माझी नजर दाराकडे जाते. वर्कशॉपमधून सुटून, सायकल भिंतीला टेकवून तुम्ही आत याल आणि विचाराल, काय घेतलं, कोणाचं घेतलं, काऊन घेतलं.

सांगते. एटापल्लीच्या आत एक गाव आहे, त्याच्या वाटेवर नाला आणि नाल्यावर बुटका रपटा, पूर आला की पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल. वर डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. मी एक यंत्र बसवलंय. वरच्या अंगाला एक पेटी पाण्याची उंची मोजते आणि रेडिओवरून खाली रपट्याजवळच्या भोंग्याला कळवते. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून रेडिओ. त्या रेडिओचा प्रोग्राम गेल्या वर्षी मी स्वतः लिहिला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. हेच काम करणारी लायब्ररी, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून, वापरून पाहून, जगासाठी मोकळा ठेवलेला प्रोग्राम, तेव्हाही समोर होती. मी तिला हात लावला नाही. विहारात, कॉलेजात, चौकात मी ओरडून सांगत आलेय की आपलं आपण उभं करायचं, कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. लोक उठून टाळ्या वाजवतात. ते वाक्य तुमचं आहे, आवाज फक्त माझा.

गेल्या पावसाळ्यात ओल्या पानांतून संदेश तुटत होते आणि माझ्या प्रोग्रामला ते कळत नव्हतं. गावातली आशा वर्कर औषधांची पिशवी घेऊन रपट्यावर उतरली, भोंगा गप्प होता, आणि मधोमध पाणी तिच्या कमरेला लागलं. रपट्यालगतच्या पळसाच्या झाडाला धरून ती उभी राहिली, माणसं दोर घेऊन येईपर्यंत. यंदा मी गेले तर अंगणात खाट टाकून म्हणाली, "बसा बाई. तुमचा भोंगा आमच्या जावयासारखा हाय. काम नसलं का बोंबलते, काम पडलं का कुठी जाते समजत नाई."

मी खाटेच्या सुतळ्या मोजत बसले. मी, भाऊ.

"यंदाचा एक पावसाळा पाहू," ती म्हणाली. "नाई चालला तं घेऊन जा. त्या खांबावर मी दोडक्याचा वेल चढवतो."

"तोवर पाण्यात उतरू नका."

"मंग गोळ्या काय तुमचा भोंगा वाटते?"

परत येताना बसमध्ये मला ती खीर आठवत होती. मी सातवीत होते. शेजारच्या क्वार्टरातल्या काकूंनी पोळ्याच्या दिवशी तांदळाची खीर डब्यात घालून दिली होती. मी स्वयंपाकघरात डबा उघडते आहे, आई वाटी पुढे सरकवते आहे, आणि तुम्ही दारात. "हात पसरून आणलं?" आवाज मोठा नव्हता. तुमचे वडील चामोर्शीकडच्या गावात घरोघर भाकर मागायला जायचे, जातीचं कामच ते होतं, आणि लहानपणी टोपली तुमच्या डोक्यावर असायची, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळलं की खीर परत द्यायची. आई म्हणाली, "खाऊ दे तिले. डब्यात जवसाची चटणी घालून पाठवतो मी. रिकामा थोडीच देऊन राह्यलो." तुम्ही ऐकलं नाही. मी भरला डबा घेऊन गेले. काकूंनी झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं, "काऊन वं, गोड नाई झाली?" मी मागे वळून पळत घरी आले.

तर या आठवड्यात मी ती लायब्ररी घेतली. घेणंही सोपं नसतं, हे तुम्हाला आवडेल. आपल्या आणि त्यांच्या फाइली आधी वेगवेगळ्या तयार होतात, मग लिंकर नावाचा प्रोग्राम त्या जोडतो. एकीने हाक मारलेलं प्रत्येक नाव दुसरीत सापडलं पाहिजे, नाहीतर तो जोडायलाच नकार देतो. माझा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये, लायब्ररी साध्या सी भाषेत. माझी भाषा प्रत्येक नावाला आतल्या आत शेपूट लावते आणि मग त्या शेपटासकट शोधत फिरते. नाव समोर आहे, मला दिसतंय, आणि लिंकर म्हणतोय सापडत नाही. शेवटी त्यांच्या फाइलीभोवती एक सूचना लिहिली, की ही साधी सी आहे, हिला साध्या नावानेच हाक मार. चुकांची रांग नाहीशी झाली. तीन राहिल्या.

त्या तिघींनी मला खुर्चीवरून उठवलं. ती नावं लायब्ररीत नव्हतीच, कारण ती माझ्याकडून यायची होती. लायब्ररी विचारत होती, तुझ्या चिपवर किती वेळ गेला ते मला कोण सांगेल? रेडिओला एक बाइट कसा पाठवायचा? उत्तर कसं वाचायचं? लिहिणाऱ्याने माझी चिप कधी पाहिली नव्हती, म्हणून त्याने तेवढी जागा मोकळी सोडली होती. मी खोलीत फेऱ्या मारत राहिले. भाऊ, टोपली घेऊन जाणाऱ्याला कोणी कधी विचारलं होतं का, तुझ्याकडून काय घालशील? तुमचा राग खरा होता, आणि तो मी जन्मभर मिरवीन. पण काकूंच्या डब्याला तुम्ही ती टोपली समजलात. आईला फरक कळत होता. त्या घरात बरोबर आई होती, आणि तिच्यासाठी मी एकही भाषण केलेलं नाही.

त्या तीन प्रश्नांची उत्तरं देणारी तीन फंक्शनं लिहिली. लिंक झालं. परवा एटापल्लीला नेऊन बसवलं. आशाताईने स्वतः पाण्याची बादली वरच्या पेटीखाली धरली आणि खाली रपट्यावर भोंगा असा वाजला की गावातली कुत्री धावत आली. ती खाली आली, कान चोळत म्हणाली, "बादलीले भेला तुमचा भोंगा. नाल्याले भेला तं मानू." बरोबर आहे तिचं. पाऊस अजून आलेला नाही. मी दिवसातून कितीदा तरी आभाळाकडे बघते, आणि तो यावा की न यावा हेही मला ठरवता येत नाही.

बसवताना त्या लायब्ररीत एक खोट सापडली. संदेश तुटला की ती दोनदा पाठवून थांबते, आणि ओल्या जंगलात दोनदा पुरत नाही. मी दुरुस्ती केली. ती लिहिणाऱ्याकडे पाठवायची आहे, म्हणजे जगात कुठेतरी दुसऱ्या ओल्या जंगलात कामी येईल. दुरुस्ती तयार आहे. वर दोन शब्द लिहायचे आहेत, की तुम्ही दिलंत, मी घेतलं, आभार. तासभर न थांबता बोलणारी मी सकाळपासून ते दोन शब्द लिहिते आणि खोडते. ते जमेना, म्हणून हे तुम्हाला लिहीत बसले. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहून झालं.