खाडीच्या वाटेची हरकत

प्रिय मावशी,

काल सुनावणीवाले साहेब जागेवर येऊन गेले. तुमच्या खाडीच्या वाटेची पाहणी झाली. तुम्ही असतात तर आज सकाळी दारात तुमच्या डोक्यावरची पाटी उतरवता उतरवता मी सगळं सांगायला घेतलं असतं, आणि तुम्ही मला अर्ध्यातच थांबवलं असतंत, "वाट देनार का नाय, आदी त्ये सांग!"

तेच तर नीट सांगता येत नाही, मावशी. म्हणून लिहायला बसले आहे.

तुमच्या सुनेला, कुंदाला, काल काय झालं ते ठाऊक आहे. ती तिथेच होती. पण त्याच्या आधीचं काही आहे, जे तिला सांगून भागणार नाही. ते तुम्हाला सांगायला हवं होतं, तुम्ही समोर पायरीवर बसलेल्या असताना. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमचे सगळे कागद मीच वाचून दाखवायचे. हाही मीच मोठ्याने वाचेन, गॅलरीत बसून. शेजारी हसले तर हसू देत!

नवीन पनवेलच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर तुम्ही बारा वर्षं आलात. कोलंबी, बोंबील, कधी चिंबोऱ्या. निवट्या, ती जिवंत छोटी मासळी, मात्र मी एकदाही घेतल्या नाहीत. पाटीत त्या टुणटुण उड्या मारायच्या आणि मी दोन पावलं मागे व्हायचे. "मेलेली खाशील नि जित्तीला भितेस!" म्हणून तुम्ही जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसायचात. त्या निवट्या तुम्ही स्वतः चिखलात हात घालून काढता, हे मला किती वर्षांनी कळलं! आणि तिथे जायला वाट लागते, हा विचार तर माझ्या मनात कधी आलाच नव्हता. मासे पाटीतून येतात, एवढंच माझं ज्ञान.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही पदराच्या गाठीतून एक घडी घातलेला कागद काढलात. "ताई, यो कागुद काय बोलतो, सांग."

कागद सरकारी होता. तुमच्या गावामागच्या खाडीकाठाच्या आराखड्याचा मसुदा तयार झाला होता, नागरिकांनी महिन्याभरात हरकती आणि सूचना द्याव्यात, असं तो 'बोलत' होता. सोबत नकाशा. गाव आणि पाणी यांच्यामध्ये एक लांबलचक हिरवा पट्टा, त्यावर लिहिलेलं, उद्यान. भोवती कुंपणभिंत. तुमची वाट कुठेच दाखवलेली नव्हती.

"भित घालतान? मग आमी काय उडून जाऊ खारीत?"

त्यानंतर तुम्ही अर्धा तास बोललात. कुठून उतरायचं, सुकतीला पाणी ओसरलं की कुठल्या अंगाने जायचं, कुठे पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, उधाणाच्या दिवसांत खालची वाट पाण्यात गेली की वरून कसं फिरायचं. मी रोज रात्री वही लिहिते, हे तुम्हाला ठाऊक होतं. "आज माजा काय लिवलास?" असं चिडवायचात. त्या दिवशी तुमचं काय लिहिलं, ते परवा मी काढून बघितलं. त्या दिवशीची आमटी खारट झाल्याचं आहे. ऑफिसातल्या भांडणावर पाऊण पान आहे. आणि तुमच्याबद्दल एकच ओळ: 'मावशी वाटेबद्दल बरंच बोलल्या.'

बरंच बोलल्या! काय बोलल्या ते कोण लिहिणार होतं, मावशी?

हरकत मात्र मी अगदी मन लावून लिहिली. तुमच्या बोलण्यातला चिखल, तिवराची झाडं, बांध, सगळं काढून टाकलं. मला वाटलं, सरकारी कागदावर हे शोभत नाही. त्याऐवजी लिहिलं, 'सदर उद्यानामुळे ग्रामस्थांच्या पारंपरिक वहिवाटीस व उपजीविकेच्या हक्कास बाधा येत असून.' किती छान वाटलं होतं मला ते वाक्य! तुम्हाला वाचून दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, "यात मी कुठं हाय?" मी म्हटलं, "मावशी, असंच लिहितात." तुम्ही मान डोलावलीत. माझ्यावर विश्वास होता तुमचा.

मग त्याच मजकुराच्या प्रती काढल्या. तुम्ही घरोघर फिरून बायकांच्या सह्या आणि अंगठे आणलेत. सगळ्या प्रतींवर पत्रव्यवहाराचा पत्ता माझा. मला वाटलं, जितके कागद जास्त, तितका आवाज मोठा.

आता खरी गोष्ट. तुम्ही तो कागद घेऊन यायच्या आठ दिवस आधी मी त्याच आराखड्यावर एक सूचना पाठवली होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नकाशा फिरत होता. खाडीकाठी उद्यान! आम्ही किती खूश झालो होतो! चालायला जागा, मोकळा वारा. मी लिहिलं होतं, उद्यान लवकर व्हावं, दिवे असावेत, दर थोड्या अंतरावर बाक असावेत. तुमचा कागद वाचताना मी तो नकाशा ओळखला, पण तुम्हाला सांगितलं नाही. तुमची हरकत लिहिणारा हात आणि बाक मागणारा हात एकच होता. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असतात का? की हसला असतात? मी ते ठरवायची संधीच तुम्हाला दिली नाही.

सुनावणीच्या दिवशी तुम्ही सगळ्या जणी त्या दिवसाची सुकती सोडून आलात. म्हणजे दुसऱ्या दिवशी पाटी रिकामी. हॉलमध्ये पंख्याखाली ओळीने बसलात. मला आदल्या दिवशी सांगितलं होतंत, "मी बोलीन हां, ताई." तुम्ही नवं लुगडं नेसला होतात.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी गठ्ठा चाळला आणि शांतपणे म्हणाले, "या सगळ्या हरकतींचा मजकूर एकच आहे. त्यामुळे एकत्रच ऐकतो. तुमच्यातून एकानं बोला."

एकानं! मला वाटलेला एवढा मोठा आवाज एका माणसाएवढा झाला, आणि तो मीच तसा केला होता. प्रत्येकीने आपापलं सांगितलं असतं तर प्रत्येकीला ऐकावं लागलं असतं.

तुम्ही उठायच्या आत मी उठले. माझं ते छान वाक्य म्हटलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठीक आहे. पण ही वाट नेमकी जाते कुठून? नकाशावर दाखवा."

मला काय माहीत?

तेवढ्यात तुम्ही पुढे आलात. नकाशा दोन्ही हातांनी धरून गर्रकन फिरवलात. "खारी हिकडं हाय, नि कागुद उलटा कशाला ठेवलाव?" सगळा हॉल हसला. साहेबही हसले आणि म्हणाले, "हं, बोला आजी."

आणि मी काय केलं? "मावशी, एक मिनिट," म्हणत तुमच्या दंडाला धरून तुम्हाला मागे केलं, आणि पुन्हा वहिवाट, हक्क, बाधा सुरू केलं. का केलं मी असं? लोक तुम्हाला हसतील म्हणून? की मला हसतील म्हणून? की तुम्ही बोलता बोलता माझे बाक कुठूनतरी बाहेर येतील म्हणून? इतके महिने विचार करते आहे. तिन्ही थोडं थोडं खरं असावं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पुढचा क्रमांक पुकारला गेला.

परतताना रिक्षात तुम्ही म्हणालात, "ताई, तू चांगली बोललीस. पन वाट नाय सांगितलीस."

एवढंच. रागावला असतात तर बरं झालं असतं.

मग श्रावण आला. आमच्याकडे श्रावणात मासे शिजत नाहीत, त्यामुळे तुमचं न येणं मला जाणवलंही नाही. गौरीगणपती झाले आणि दारात पाटी घेऊन कुंदा उभी. "सासू गेली श्रावनात. ताप आला, तीन दिसांत आटपलं. तुमचा दार सांगून ठेवला होता तिनं." मी विचारलं, "मला कळवलं का नाही गं?" ती म्हणाली, "तुमी पन इचारलं नाय ना."

खरंच, मी विचारलं नव्हतं. बारा वर्षांत तुमचं घर मी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर माझ्या पत्त्यावर पत्र आलं, सगळ्या जणींसाठी एकच: जागेची पाहणी होणार, हरकतदारांनी वाट प्रत्यक्ष दाखवावी. मी कुंदाला म्हटलं, "तू दाखवशील?" तिचं माहेर आतल्या बाजूचं, शेतीचं. पाटी तिने तुमच्या मागेच उचलली. म्हणाली, "मला सुकतीची वाट म्हाईत हाय. पार्वतीकाकीला इचारू." तुमच्या बरोबर उतरणाऱ्या पार्वतीकाकूंना मी पहिल्यांदा भेटले ती अशी.

काल मी ठरवून गप्प राहिले. पार्वतीकाकू पुढे, मागे साहेब, मोजणीवाले, बायका आणि शेवटी मी, वही घेऊन. दहा पावलांतच साहेबांचा बूट रुतला. "साहेब, बूट हातात घ्या," पार्वतीकाकू म्हणाल्या. "चिकलाला हुद्दा कलत नाय."

मावशी, तुम्ही किती चालत होतात! मी रोज सकाळी फेऱ्या मारते त्याचा मला अभिमान होता. काल तासाभरात माझे पाय भरून आले. आणि येताना तुमच्या डोक्यावर पाटी असायची.

मध्ये सगळे थांबले तेव्हा मी एकदाच बोलले. साहेबांना म्हटलं, "या उद्यानात बाक हवेत अशी एक सूचना आली असेल. ती माझी. उद्यान मला आजही हवं आहे. पण यांची वाट बंद करून नको." सगळ्यांसमोर म्हटलं. बायका शिव्या घालतील असं वाटलं होतं. पार्वतीकाकूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आगो, बाक ठेव की! पाटी टेकवाला बरा. फकस्त भितीच्या आतमंदी नको ठेवू." सगळ्या खिदळल्या. हे मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हीही हेच म्हणाला असतात का? बहुतेक हेच. आणि मी ते पोटात घेऊन महिनोन् महिने फिरत होते!

मोजणीवाल्यांनी वाट मोजली, खुणा केल्या. मला वाटलं, झालं. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "उधाणात इथे पाणी येत असेल. मग तेव्हा कुठून जाता? वाट वर्षभर वापरात आहे असं मला लिहावं लागेल."

पार्वतीकाकू हळूच म्हणाल्या, "उधानाला आमी घरात बसायचो. हिची सासू जायाची एकटी. वरच्या अंगानं हाय वाट. ती तिलाच म्हाईत." एकीने तिवरांच्या डावीकडून हात दाखवला, दुसरीने उजवीकडून. साहेब बराच वेळ थांबले, खरंच थांबले. मग त्यांनी लिहिलं: दुसरी वाट असल्याचे सांगितले, परंतु दाखवता आली नाही. पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्या, म्हणाले. निर्णय त्यांच्या हातात नाही, असंही म्हणाले.

त्या दिवशी आमच्या पायरीवर बसून तुम्ही ती वाट मला सांगितली होती, मावशी. सगळी. मी आठवायचा किती प्रयत्न केला! मला तुमचे हलणारे हात आठवतात, बांगड्या आठवतात. शब्द एक आठवत नाही.

आठ दिवसांनी अमावास्या आहे. उधाणाचं पाणी चढेल तेव्हा मी, कुंदा आणि पार्वतीकाकू वरच्या अंगाने शोधायला जाणार आहोत. या वेळी प्रत्येकीचं म्हणणं वेगळं लिहायचं, ती बोलेल तसं. मी एक शब्द सुधारणार नाही, हे तुम्हाला वचन.

आणि माझंही एक म्हणणं मी देणार आहे, माझ्या सहीने. वाट सापडली तरी देईन, न सापडली तरी. त्यात लिहीन, की उधाणातली वाट जिला ठाऊक होती ती बाई सुनावणीला हजर होती. तिने नकाशा हातात घेतला होता, साहेबांनी तिला बोला म्हटलं होतं, आणि तिला गप्प मी केलं. वाट नव्हती म्हणून ती दाखवता आली नाही असं नाही, असं कृपया नोंदवून घ्यावं.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ताई,
सुजाता